आजोबांच्या बोर्डिंगला तीन लाख द्यायचेत, आरओ बसवू का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या बोर्डिंगात राहून शिकले, शिक्षक झाले, त्यामुळे पुढची सगळी पिढी शिकली. आता त्यांच्या नावाने त्याच बोर्डिंगला तीन लाख द्यायचे मनात आहे. संस्था म्हणते, आरओ प्लांट बसवू आणि उरलेले मुलींच्या शिक्षणाला वापरू. तुम्ही ख्रिस्ती नाही. घरात कुणी म्हणते पैसा धर्मांतराला जाईल, कुणी म्हणते खिशात जाईल. भाऊ अमेरिकेतून डॉलर पाठवायला तयार आहे. तर द्यावे का, आणि कसे?

द्यावे, असे माझे मत. पण "आरओला देऊ का" हा प्रश्न घाईचा आहे. तिथल्या पाण्यात नेमके काय बिघडलेय हे अजून कुणी पाहिलेलेच नाही, आणि बसवलेली वस्तू पुढच्या पाच वर्षांत कोण सांभाळणार हेही कुणी विचारलेले नाही. बाकीच्या बऱ्याच गोष्टी तिथल्या परिस्थितीवर ठरतील: पाणी विहिरीचे की बोअरचे, मुली चाळीस की दीडशे, मे महिन्यात टँकर येतो का, आणि पाण्याकडे बघणारे माणूस आहे का. त्यामुळे अमुकच करा असे इथे बसून मी सांगणार नाही, माझा विचार कसा चालतो तेवढे सांगतो.

माझ्याबद्दल दोन वाक्ये. मी ख्रिस्ती, आमच्या घराण्यातली तिसरी पिढी. १९९८ साली मराठवाड्यात मिशनच्या पाण्याच्या कामावर हेल्पर म्हणून लागलो, पाइप उचलायचे काम. पुढे हापसे दुरुस्त केले, विहिरी पाहिल्या, आणि आता अशा संस्थांच्या पाण्याची तपासणी आणि देणग्यांचा हिशोब बघतो. म्हणजे आतल्या गोटातला आहे. कौतुकही आतले आणि तक्रारही आतली, हे लक्षात ठेवून वाचा.

आधी हापशाची गोष्ट, कारण माझे सगळे म्हणणे तिच्यातून आले आहे. साठच्या दशकाच्या शेवटी दुष्काळामुळे देशात बोअर घ्यायचा सपाटा लागला. आपल्याकडच्या काळ्या खडकात हवेच्या दाबावर चालणारी यंत्रे आली आणि पूर्वी जिथे विहीर खणायला दोन उन्हाळे जायचे तिथे दोन दिवसांत पाणी लागू लागले. पण वर बसवलेले पंप होते बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, एका घराच्या परसात चालतील असे. गावात ते पहाटेपासून रात्रीपर्यंत हापसले जात. दांडा खिळखिळा व्हायचा, बीड तडकायचे, दोन-चार महिन्यांत पंप बंद. खाली पाणी आहे आणि वर बाई रिकामा हंडा घेऊन उभी, अशी गत.

त्यावर उपाय निघाला तो आपल्या जालन्यात आणि सोलापुरात. जालन्याला स्कॉटलंडच्या चर्चच्या मिशनचे पाण्याचे काम होते, सोलापुरात सोलापूर वेल सर्व्हिस होती. तिथल्या मिस्त्री लोकांनी बिडाऐवजी पोलाद घेतले, झिजणारे सांधे कमी केले, वर-खाली करायला साखळी लावली. सोलापूर पंपावरूनच सत्तरच्या दशकात युनिसेफ, केंद्र सरकार आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्याने मिळून इंडिया मार्क टू तयार केला. आज आफ्रिकेतल्या खेड्यांतही तो दिसतो. मिशनने किती बोअर घेतले याच्यापेक्षा, बंद पडलेल्या पंपापाशी कुणीतरी उकिडवे बसून "हा मोडतो का?" असे विचारले, याचे मला जास्त मोल वाटते.

पण मार्क टूलाही एक खोड आहे. त्याचा सिलिंडर खाली पाण्यात असतो आणि आतला वायसर झिजला की सगळी पाइपलाइन वर काढावी लागते. माझ्या पहिल्याच महिन्यात जालना जिल्ह्यातल्या एका गावी गेलो होतो. तीन-तीन मीटरचे दहा पाइप. तिपाई उभी करायची, क्लॅम्प आवळायचा, एक पाइप वर ओढायचा, खालचा धरून ठेवायचा, पान्याने सोडवायचा, मग पुढचा. चार माणसे घामाघूम. पाइप निसटून बोअरमध्ये पडला तर बोअरच गेला, म्हणून कुणी बोलत नाही. दुपारी सिलिंडर वर आला, उघडला, तर आत वायसर. तळहातावर मावेल एवढा, कडा झिजून कागदासारख्या झालेल्या. तो हापसा चार महिने बंद होता. नवा वायसर त्या काळी चहा-भज्यांच्या पैशात मिळत होता.

शेजारीच शाळा होती. पाणी आल्यावर गुरुजींनी आम्हाला चहा पाजला आणि सहज हजेरीपट दाखवला. पाचवी ते सातवीच्या मुलींच्या रांगेत त्या चार महिन्यांत गैरहजेरीच्या खुणा दाटीने होत्या. मुलांच्या रांगेत तसे नव्हते. मुली दीड किलोमीटरवरच्या विहिरीवर जात होत्या. तेव्हापासून "पाण्याला द्यावे की शिक्षणाला" असे कुणी विचारले की मला तो हजेरीपट आठवतो. तुमच्या बाबतीत मुली बोर्डिंगातच राहतात, त्यामुळे लांबून पाणी आणायचे नसेल. पण पाणी खराब असेल तर त्या आजारी पडून घरी जातात, आणि मोठ्या मुली घरी गेल्या की सगळ्याच परत येतात असे नाही.

आता आरओ. देणगीदारांना आरओ फार आवडतो, कारण तो दिसतो. चकचकीत स्टीलची टाकी, वर नावाची पाटी, उद्घाटनाला फीत. एका वसतिगृहात असाच प्लांट बसला होता, नाव सांगत नाही. आठ महिन्यांनी मी गेलो तर टाकीवर वह्यांचे गठ्ठे ठेवलेले. मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा आतला पडदा, चोक झाली होती, कंपनीचा माणूस पुण्याहून यायला पैसे मागत होता, आणि संस्थेच्या अंदाजपत्रकात त्यासाठी रुपया नव्हता. मुली पुन्हा बोअरचेच पाणी पीत होत्या. त्यातही गंमत अशी की पाणी तपासले तेव्हा क्षार पिण्यायोग्य मर्यादेतच निघाले. बिघाड होता तो वरच्या सिमेंटच्या टाकीत. झाकण फुटलेले, आत पारव्यांची पिसे. तिथे आरओची गरजच नव्हती. टाकी धुऊन झाकण बसवायचे आणि क्लोरीन घालायचे, इतकेच काम होते.

म्हणून पहिला खर्च तपासणीचा. जिल्ह्याला भूजल सर्वेक्षण यंत्रणेची पाणी तपासणी प्रयोगशाळा असते, तिथे नमुना द्या. दोन नमुने घ्यायला सांगा: एक थेट विहिरीचा किंवा बोअरचा, दुसरा मुली ज्या नळावर ग्लास भरतात तिथला. विहिरीचे पाणी चांगले आणि नळाचे खराब निघाले तर दोष मधल्या टाकीत किंवा पाइपात आहे. जंतूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक हवी आणि नमुना त्याच दिवशी पोचला पाहिजे. बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत भरून आठवड्याने नेलेल्या नमुन्याला काही अर्थ नाही.

अहवालात काय बघायचे? एकूण विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असतील तर उत्तम. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, पण तिथे चव बिघडते आणि डाळ शिजत नाही. फ्लोराइड १ पर्यंत असावे, दुसरा स्रोत नसल्यास १.५ पर्यंत. नायट्रेट ४५ च्या आत हवे. ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, मुळीच नकोत.

यावरून पुढचे ठरते. फक्त जंतू निघाले तर आरओ नको. टाकी साफ करा, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, नियमाने घाला आणि नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरीन उरतो का ते रोज पाहा. क्लोरीन तपासायचे ओटी नावाचे औषध मिळते, त्याचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते, सातवीतली मुलगीसुद्धा ते करू शकते. ०.२ मिलिग्रॅम उरला पाहिजे. नायट्रेट जास्त निघाले तर आधी विहिरीभोवती फिरून या. शोषखड्डा, गोठा, उकिरडा, नाहीतर खताचे शेत, यातले काहीतरी जवळ सापडते. त्याचा बंदोबस्त न करता यंत्र बसवले तर घाण आत येतच राहील आणि यंत्र ती गाळत बसेल. फ्लोराइड किंवा क्षार खरोखरच फार असतील तरच आरओचा विचार करा. तोही फक्त पिण्या-स्वयंपाकापुरता, आणि वाया जाणारे पाणी संडासाच्या टाकीत वळवून. हे पाणी थोडेथोडके नसते. लहान प्लांटमध्ये शुद्ध होते त्यापेक्षा जास्तच बाहेर फेकले जाते, आणि दुष्काळी तालुक्यात ते बघवत नाही.

मला स्वतःला अशा ठिकाणी छपराचे पाणी आवडते. जुन्या मिशन कंपाउंडांमध्ये मोठी, उतरती, पत्र्याची किंवा मंगलोरी कौलांची छपरे असतात. हिशोब करून बघा. २०० चौरस मीटर छप्पर, वर्षाला धरा ५०० मिलिमीटर पाऊस, गळती-उडती वजा जाता साधारण ८०,००० लिटर. साठ मुलींना पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला पाच लिटर धरले तर ३०० लिटर लागतात. सगळे साठवायला भली मोठी टाकी लागेल, ती परवडणार नाही. पण २०,००० लिटरची बांधली तरी दोन महिन्यांवर पुरते, आणि उरलेले पाणी गाळून विहिरीत सोडले की विहिरीतले क्षारही थोडे कमी होतात. पहिल्या पावसाचे पाणी मात्र बाहेर सोडायचे. यात बिघडायला मोटारही नाही आणि मेंब्रेनही नाही. वर्षातून एकदा, मेच्या शेवटी, पन्हाळी झाडून घ्यायच्या.

एक गोष्ट कंपाउंडच्या भिंतीबाहेरची. भोवतालच्या सगळ्या शिवारात पाचशे फुटी बोअर पडले असतील तर आतली विहीर किती दिवस टिकणार? नगरमध्येच हे ओळखून काम केले ते हरमान बाखर या स्विस जेझुइट फादरांनी. सोशल सेंटरमधून सुरुवात, मग जर्मन मदतीचा पाणलोट कार्यक्रम आणि १९९३ पासून 'वॉटर' ही संस्था. त्यांची रीत अशी की गावाने आधी श्रमदान करायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, मग पैसा. तुमच्या तीन लाखांत पाणलोट होणार नाही, ते ठीक आहे. पण तिथला मुख्याध्यापक ग्रामसभेला जातो का, जलजीवनचा नळ कंपाउंडात आलाय का, एवढे जरूर विचारा. सरकारी योजनेतून माणशी ५५ लिटर मिळायचे आहेत. ते मिळत असतील तर तुमचा पैसा वेगळ्या कामाला लागेल.

शिक्षणाकडे वळतो. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आले. त्याच मिशनच्या मिस सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईत उतरल्या आणि पुढे नगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली होती आणि सावित्रीबाईंचे अध्यापनाचे प्रशिक्षण त्यांच्याकडे झाले. १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले. तुमच्या आजोबांची बोर्डिंग याच परंपरेतली. पण आजच्या मुलीला नेमके काय कमी पडते ते वेगळे आहे. मुलींना एसटीचा पास अहिल्याबाईंच्या नावाच्या योजनेतून फुकट मिळतो. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. म्हणजे "फी भरतो" म्हणून दिलेला पैसा कधीकधी सरकार देणारच असते त्या जागी जातो. फटी असतात त्या इतर ठिकाणी: मेसचे गहू-तेल, रात्री वसतिगृहात राहणाऱ्या बाईंचा पगार, दाखल्यांसाठी तहसीलच्या चकरा, बारावीनंतर पुण्या-नगरला राहायचे भाडे. अधीक्षिका बाईंशी तासभर बोलाल तर खरी यादी मिळेल. आणि एका मुलीचा फोटो पाठवून "ही तुमची मुलगी" म्हणणाऱ्या योजना मला पटत नाहीत. बाकीच्या मुली त्याच पंगतीला बसलेल्या असतात.

आता धर्माचा प्रश्न. तुम्ही तो चाचरत विचारलाय, मी सरळ सांगतो. मिशनरी शुभवर्तमान सांगायलाच आले होते, त्यांनी ते कधी लपवले नाही. दुष्काळात त्यांनी अन्न दिले, पोरांना आसरा दिला, आणि त्यातून पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. आमचेही घर त्यातलेच. आजी सांगायची, मिशनच्या विहिरीवर आमच्या लोकांना पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पोहरा टाकता आला, गावच्या विहिरीवर वरून कुणीतरी ओतील तेव्हा पाणी. आजोबांनी बाप्तिस्मा पाण्यासाठी घेतला की श्रद्धेने, हे मी सांगू शकत नाही. बहुधा त्यांनाही ते वेगळे करता आले नसते.

पण आज तुम्ही संस्थेला तीन गोष्टी विचारू शकता, त्यात अपमान काही नाही. बोर्डिंगात कुठल्या धर्माच्या किती मुली आहेत? रविवारच्या उपासनेला जाणे सक्तीचे आहे का? सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कुणालाही स्वतःच्या, आणि अल्पवयीन मुलांना पालकांच्या, संमतीशिवाय उपासनेला बसवता येत नाही. राज्यघटनेच्या २८ व्या कलमातच ते आहे. तिसरी गोष्ट, शाळेचा ट्रस्ट आणि मंडळीचा, म्हणजे चर्चचा, हिशोब वेगळा आहे का? आमच्याकडे घोळ होतो तो बहुतेक इथे. लबाडी असतेच असे नाही. एकच पाळकसाहेब दोन्हीकडे सही करतात, आणि मंडळीच्या छपराला पैसे कमी पडले की शाळेच्या खात्यातून "तात्पुरते" घेतले जातात. ते तात्पुरते मग तीन वर्षे चालते.

उपाय साधा आहे. चेकने द्या आणि सोबत पत्र द्या: ही रक्कम फक्त अमुक कामासाठी, खर्चाच्या पावत्यांच्या प्रती मिळाव्यात, काम न झाल्यास लेखी कळवावे. ट्रस्टचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि मागच्या तीन वर्षांचे ऑडिट मागा. ८०जीची पावती मिळते का पाहा, पण करात सूट तुम्ही जुनी पद्धत निवडली असेल तरच. रोखीने देऊ नका.

भावाचे डॉलर जपून. तो अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परकीय देणगी धरली जात नाही. पण त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, हातात ओसीआय कार्ड असले तरी, तो कायद्याने परकीय स्रोत. मग संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यायला हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला असा पैसा दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही, त्यामुळे "आमच्या मोठ्या मिशनकडे पाठवा, ते खाली पोचवतील" असे कुणी म्हटले तर नाही म्हणा. एका चुकीच्या जमेपायी त्या बोर्डिंगची नोंदणी अडचणीत येऊ शकते. संस्थेकडे एफसीआरए नसेल तर पैसे तुमचे तुम्हीच द्या आणि भावाला म्हणावे, सुट्टीत ये आणि पन्हाळी झाडू लाग.

मी तुमच्या जागी असतो तर तीन लाखांचे काय केले असते? दर गावागणिक बदलतात, हे ढोबळ धरा. तपासणी, टाकीची सफाई, झाकणे आणि क्लोरीनची सोय पंचवीस-तीस हजारांत. छपराच्या पन्हाळी आणि फेरोसिमेंटची २०,००० लिटरची टाकी सव्वा ते दीड लाखात. एक लाख कायम निधी म्हणून, अटीसह, बँकेत मुदत ठेवीत. त्याचे वर्षाला सहा-साडेसहा हजार व्याज येईल, ते फक्त पाण्याच्या देखभालीला: पावडर, वॉल्व्ह, तपासणी, प्लंबरची मजुरी. उरतील ते अधीक्षिका बाईंच्या यादीतल्या पहिल्या ओळीला. या लाखाच्या ठेवीवर संस्था नाक मुरडेल, कारण तिचा फोटो निघत नाही. तुम्ही हटून बसा. आजोबांचे नाव हवे असेल तर त्या ठेवीला द्या.

आणि एकदा स्वतः जा. शक्यतो मे महिन्यात, आगाऊ फोन न करता. सुट्टी लागलेली असली तरी स्वयंपाकघर आणि विहीर जागेवरच असतात. मोटारीच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते ते विचारा. पटकन एक नाव सांगितले तर बरे लक्षण. "असेल कुणाकडे तरी" असे म्हणाले, तर आधी त्या माणसाची नेमणूक करायला सांगा, पैसे नंतर.

नमुना दिल्यावर अहवाल यायला थोडे दिवस लागतील. आला की नळाचे आणि विहिरीचे टीडीएस, फ्लोराइड, नायट्रेट आणि ई. कोलाय, असे आठ आकडे मला कळवा. छपराची लांबी-रुंदीही पावलांनी मोजून आणा. मग आरओचे बघू.